शकातून वजा करा 380

वाशिम जिल्ह्याचं ठिकाण झालं ते 1 जुलै 1998 रोजी. पण हेच गाव चौथ्या शतकात एका राज्याची राजधानी होतं! तेव्हाचं नाव वत्सगुल्म. वाकाटक सम्राट पहिला प्रवरसेन याच्या सर्वसेन नावाच्या मुलाने इथे आपली गादी स्थापन केली. राजधानी ते जिल्हा, मध्ये सुमारे साडेसोळाशे वर्षं.

वाशिमला आलेला पाहुणा आधी बालाजीला जातो. भोसल्यांचे दिवाण भवानी काळू यांनी हे मंदिर बांधलं 1779 च्या सुमारास. आपल्याला ते केवढं जुनं वाटतं! आता वाशिमजवळच्या हिस्से बोराळ्याचा शिलालेख घ्या. वाकाटक राजा देवसेनाच्या काळात तिथे एक तलाव बांधला गेला, नाव सुदर्शन. लेखात साल कोरलंय शक 380, म्हणजे साधारण इ.स. 458. तलाव आणि मंदिर यांच्यात तेराशे वर्षांहून जास्त अंतर. मंदिरापासून आपल्यापर्यंत अडीचशेही नाही. तलाव झाला तेव्हा पश्चिम रोमन साम्राज्यात अजून सम्राट होता. गिरनारजवळच्या सुदर्शन नावाच्याच तलावाची दुरुस्ती स्कंदगुप्ताच्या अधिकाऱ्यांनी केली, तीही याच सुमारास.

त्या लेखात आकाशाचीही नोंद आहे : सप्तर्षी उत्तरा नक्षत्रात. जुन्या गणतीत सप्तर्षींचा मुक्काम एकेका नक्षत्रात 100 वर्षं, म्हणजे 27 नक्षत्रांचा फेरा 2700 वर्षांचा. लेख कोरल्यापासून त्यातला निम्म्याहून थोडाच जास्त फेरा सरलाय.

देवसेनाचा मुलगा हरिषेण. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं 16 क्रमांकाचं लेणं कोरवून घेतलं. तिथल्या लेखात हरिषेणाच्या संदर्भात कुंतल, अवंती, कलिंग, कोसल, त्रिकूट, लाट, आंध्र अशा सात प्रदेशांची नावं येतात. सरळ रेषेत दीडशेवर किलोमीटर दूर असलेल्या अजिंठ्याच्या डोंगरात वाशिमच्या दरबाराचा पैसा असा कामी आला.

त्या राजधानीचा राजवाडा आज उभा नाही, म्हणून पर्यटक बालाजीचं दर्शन घेऊन, पद्मतीर्थ पाहून परततात. पुढच्या खेपेला थोडी वाट वाकडी करून हिस्से बोराळ्यालाही जा. निघण्याआधी भिंतीवरच्या कॅलेंडरातला चालू शक बघा आणि त्यातून 380 वजा करा. येईल तेवढं त्या तलावाचं वय.