घरातील पाण्याचे मोजमाप आणि कालव्याचे आवर्तन

खडकवासला, पानशेत, वरसगाव व टेमघर या चार धरणांचा एकत्रित उपयुक्त साठा सुमारे २९ अब्ज घनफूट आहे. पुणे शहराची तहान मुख्यत्वे याच पाण्यावर भागते, आणि मुठा उजव्या कालव्याखाली हवेली, दौंड व इंदापूर तालुक्यांतील पिकेही याच पाण्यावर उभी असतात. ज्या वर्षी पाऊस ओढ देतो, त्या वर्षी पिण्याच्या पाण्याचा विचार प्रथम होतो आणि उन्हाळी आवर्तन लांबणीवर पडते. तेव्हा पुण्यातील घरांत पाणी कसे वापरले जाते, हा प्रश्न केवळ शहरवासीयांचा राहत नाही.

एक एकर क्षेत्रास साडेसात सेंटिमीटर खोलीची एक पाळी देण्यास सुमारे ३ लाख लिटर पाणी लागते. एका कुटुंबाने दररोज ५० लिटर वाचविले तर ते नगण्य वाटेल. परंतु एक लाख कुटुंबांनी तसे केल्यास रोज ५० लाख लिटर, म्हणजे सुमारे सोळा एकरांची एक पाळी होते. अर्थात हे सर्व पाणी शेतापर्यंत पोचेल असे मानू नये. कालव्यात पाझर होतो, बाष्पीभवनही होते. शिवाय घरात वापरलेले बहुतेक पाणी सांडपाणी होऊन वाहते, आणि मुंढव्याहून प्रक्रिया केलेले सांडपाणी कालव्यात सोडण्याची योजना आहे. तरीही धरणाचे पाणी आणि ते पाणी यांतील फरक कालव्याकाठच्या शेतकऱ्यास सांगावयास नको.

चारीचे पाणी खाच बसवून मोजता येते, हे आपणांस ठाऊक आहेच. शहरातील घराघरांतील वापर मात्र वर्षानुवर्षे मोजला गेला नाही. महापालिकेच्या समान पाणीपुरवठा योजनेत आता मीटर बसविण्यात येत असून, त्यांवरील आकडे घरात न शिरता दुरूनच बिनतारी पद्धतीने टिपता येतात. तथापि मीटर पाणी वाचवीत नाही. तो केवळ दाखवितो. वाचणारा मनुष्य नसेल तर तो भिंतीवरील बंद घड्याळासारखाच होय.

गळती ओळखण्याची रीत सोपी आहे. रात्री सर्व नळ बंद करून मीटरचा आकडा लिहून ठेवावा व पहाटे पाणी वापरण्यापूर्वी पुन्हा पाहावा. आमच्या घरी हा प्रयोग केला असता सहा तासांत ४८ लिटरांचा फरक आढळला. दिवसरात्र धरल्यास हे १९२ लिटर होतात. शेतकऱ्यांस पाणीबचतीचा उपदेश करणाऱ्याच्या घरची ही स्थिती! कोणताही नळ ठिबकत नव्हता. शेवटी शौचालयाच्या टाकीत चिमूटभर हळद टाकली. अर्ध्या तासात, साखळी न ओढताच, भांड्यात पिवळे पाणी उतरले. आतील रबरी चकती झिजली होती. ती बदलताच पहाटेचा आकडा स्थिर झाला. अशी गळती आवाज करीत नाही, म्हणूनच ती महिनोन्महिने चालते.

अनेक इमारतींत गच्चीवरील टाकी वाहू लागली, हाच पंप बंद करण्याचा इशारा समजला जातो. पाण्याची पातळी ओळखून पंप आपोआप बंद करणारे उपकरण यावर चांगले. मात्र विंधन विहिरीचे पाणी जड असल्यास त्याच्या कांड्यांवर क्षार साचतात व ते चुकीचा इशारा देते. कांड्या अधूनमधून पुसून काढाव्यात. नळाच्या तोंडाशी बसणारी हवामिश्रित धारेची जाळी भांडी धुण्यास उपयुक्त आहे. बादली भरण्याच्या नळास ती लावून काही लाभ नाही, कारण बादलीला लागावयाचे तेवढेच पाणी लागते.

पाणी शुद्ध करणारी ‘आरओ’ यंत्रे एक लिटर शुद्ध पाण्यामागे पुष्कळदा तीन लिटर टाकून देतात. खडकवासल्याच्या शुद्धीकरण केलेल्या मृदू पाण्यास त्यांची सहसा गरज नसते. यंत्र असेलच तर टाकाऊ पाणी फरशीसाठी वापरावे. मूळ पाणी विंधन विहिरीचे असल्यास ते परसबागेस देऊ नये, मातीत क्षार साचतात.

हीच पहाटेची तपासणी गावच्या नळयोजनेसही लागू पडते. ग्रामीण योजनांत दरडोई रोज ५५ लिटर पाणी धरलेले असते. रात्री टाकीखालील मुख्य झडप उघडी ठेवावी, घरोघरचे नळ बंद राहतील असे सांगावे व टाकीतील पातळी काठीने दोनदा मोजावी. पातळी उतरली तर वाहिनीवरील झडपा एकेक बंद करून गळका भाग शोधता येतो. या कामास एक काठी, एक वही आणि दोन रात्री पुरतात.