वस्तऱ्याची धार सांभाळणार कोण?

एखाद्याची चांगली खरडपट्टी काढली की आपण म्हणतो, 'त्याची बिनपाण्याने केली.' पाणी न लावता वस्तरा फिरला की काय होते, हे ज्यांना ठाऊक होते त्यांच्याच भाषेत असा वाक्प्रचार रुजतो. आज वाक्प्रचार राहिला आणि वस्तरा मात्र घराघरातून गेला. अलीकडे तो हौस म्हणून पुन्हा दिसू लागला आहे. कोणी आजोबांच्या पेटीत सापडलेला वस्तरा घासूनपुसून काढतो, कोणी परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाला एखादा घेऊन यायला सांगतो. मग प्रश्न पडतो, की वस्तऱ्याचे इतके प्रकार, त्यांतला आपल्यासाठी कोणता?

दाढी राठ की मऊ, यावर ते अवलंबून असावे असे बहुतेकांना वाटते. थोडेफार ते खरेही आहे. पण त्याआधी एक साधा प्रश्न स्वतःला विचारायला हवा. या वस्तऱ्याची धार सांभाळणार कोण? याचे उत्तर मिळाले की निम्मी निवड आपोआप होते.

वस्तरा हातात घेतला की आपली नजर जाते मुठीकडे. शिंगाची आहे, लाकडाची आहे, की हाडाची? खरे तर मूठ म्हणजे पाते मिटून ठेवायचे घर. वस्तरा ओळखायचा असेल तर तो डोळ्यांसमोर धरून टोकाच्या बाजूने पाहावा. वर जाड पाठ दिसते, खाली निमुळती होत गेलेली धार. धारेच्या दगडावर वस्तरा आडवा ठेवला की पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकतात. म्हणजे धार किती अंशांत लागणार, हे पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांनी आधीच ठरवलेले असते. दोन्ही बाजू मिळून हा कोन साधारण १६ ते १७ अंशांचा असतो. स्वयंपाकघरातल्या सुरीला धार लावताना कोन आपल्या मनगटाने सांभाळावा लागतो. वस्तऱ्यात तो कारागिराने घडवतानाच घालून ठेवलेला असतो. शिवाय दगडावर पाठ आणि धार बरोबरीने झिजतात, त्यामुळे कोन फारसा बिघडत नाही. जुना वस्तरा पुढच्या पिढीच्या कामी येतो तो यामुळे.

आता पाठ आणि धार यांच्या मधला भाग पाहा. वस्तऱ्यांची घराणी वेगळी होतात ती इथे.

पहिले घराणे पाचरीचे. यात पात्याच्या बाजू जवळजवळ सपाट असतात, लाकूड फोडायच्या पाचरीसारख्या. इंग्लंडमधले शेफील्ड हे गाव अशा जुन्या वस्तऱ्यांसाठी प्रसिद्ध. १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समन यांनी तिथे मुशीत पोलाद वितळवण्याची पद्धत बसवली आणि एकसारखे, कठीण पोलाद मिळू लागले. दक्षिण भारतातले वुट्झ पोलादही मुशीतच तयार होई. विजेच्या शोधांमुळे आपल्याला माहीत असलेले मायकेल फॅरडे यांनी जेम्स स्टोडार्ट या शस्त्रे-अवजारे घडवणाऱ्या कारागिराबरोबर १८२० च्या सुमारास या वुट्झचा अभ्यास केला होता. असो. पाचरीचा वस्तरा हाताला जड लागतो. गालावरून तो शांतपणे, न थरथरता जातो. चार दिवसांची राठ दाढी असेल तर हे वजन उपयोगी पडते. पण दगडावर घेतला की त्याच्या सपाट बाजूंचा बराच भाग घासला जातो आणि धार यायला वेळ लागतो. धीर नसलेल्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

दुसरे घराणे पोकळ पात्याचे. फिरत्या गोल दगडांवर पात्याच्या दोन्ही बाजू आतून खोलगट घासून काढायच्या, पाठ मात्र जाड ठेवायची. ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फोफावली आणि जर्मनीतल्या सोलिंगेन गावाचे नाव तिच्याशी जोडले गेले. सोलिंगेनच्या नावाला तर १९३८ पासून कायद्याचेच संरक्षण आहे. पूर्ण पोकळ पाते धारेजवळ इतके पातळ असते, की खुंटांवरून जाताना ते चक्क वाजते. हा आवाज शिकणाऱ्याचा गुरू. एकसारखा आला तर हात बरोबर चालला आहे. आवाज बदलला तर कोन बदलला किंवा धार उतरली असे समजावे. दगडावर या वस्तऱ्याची फक्त पाठ आणि धारेची बारीक कड टेकते, म्हणून धार लवकर लागते. उणीव एवढीच, की फार राठ दाढीत पातळ पाते लवते. मधला मार्ग म्हणून पाव पोकळ, अर्धे पोकळ अशी पातीही मिळतात.

वस्तऱ्याची रुंदी इंचाच्या अष्टमांशात मोजतात. पाच अष्टमांश, म्हणजे सुमारे १६ मिलिमीटर, हे सर्वांत सोयीचे माप. त्याहून रुंद पात्यावर फेस जास्त मावतो, पण नाकाखाली ते अडते. टोकाचेही तसेच. चौकोनी टोकाने मिशीची आणि कल्ल्यांची रेघ छान निघते, पण तेच टोक कानाच्या पाळीला लागते. नवशिक्याने गोल टोकाचाच घ्यावा.

तिसरे घराणे जपानी, नाव कामिसोरी. बौद्ध भिक्षूंच्या मुंडनाशी याचे नाते जुने आहे. हा वस्तरा मिटत नाही. पाते आणि दांडी सलग असतात, दांडीवर बहुधा वेताची पट्टी गुंडाळलेली असते. पारंपरिक कामिसोरीच्या पात्याच्या दोन बाजू सारख्या नसतात. त्यामुळे गालाकडे कोणती बाजू ठेवायची, दगडावर कोणत्या बाजूला किती फिरवायचे, हे सगळे वेगळे शिकावे लागते. आखूड पाते आणि सरळ दांडी यांमुळे तो लेखणीसारखा वळतो, पण त्याची ओळख सर्वांत शेवटी करून घ्यावी हे बरे.

चौथा प्रकार आपल्या सगळ्यांच्या परिचयाचा. गल्लीतल्या सलूनमध्ये कारागीर पाकिटातले पाते कागदासकट मधोमध मोडतो आणि अर्धे पाते वस्तऱ्यासारख्या दांडीत बसवतो. पूर्वी नाभिकाच्या धोकटीत वस्तरा, धारेचा दगड आणि कातडी पट्टा असे. आता दगड आणि पट्टा गेले. हे पाते आले कुठून? अमेरिकेत किंग जिलेट यांनी वापरून फेकून द्यायच्या पात्याची कल्पना व्यवहारात आणली. १९०३ या पहिल्या वर्षी त्यांचे अवघे ५१ रेझर आणि १६८ पाती विकली गेली. पुढे त्या पात्याने जग व्यापले आणि ते वस्तऱ्यातही शिरले.

जुन्या वस्तऱ्याचे शौकीन या अर्ध्या पात्याला नाके मुरडतात. त्याला वजन नाही, लवचीकपणा नाही, आणि जरा जोर पडला की ते चावते, ही तक्रार खरीच आहे. पण सलूनमध्ये तेच हवे. एकच वस्तरा दहा जणांच्या गालांवरून फिरला, तर डोळ्यांना न दिसणारे रक्तही एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते. हिपॅटायटिस बी या काविळीचा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस टिकून राहतो. पाते पुसून किंवा पाण्यात बुडवून त्याचा बंदोबस्त होत नाही. म्हणून खुर्चीत बसल्यावर 'दादा, नवीन पाते लावा' असे सांगण्यात कसलाही संकोच नको. पाते आपल्यासमोर पाकिटातून निघाले पाहिजे. घरीही नियम तोच. वस्तरा वडिलांचा असो की मुलाचा, ज्याचा त्याने वापरावा. आजोबांचा वस्तरा हाती आला तर तो जाणकाराकडून नीट साफ, निर्जंतुक करून आणि धार लावून घेतल्याशिवाय गालाला लावू नये.

आता धारेविषयी. पोलाद केसापेक्षा सुमारे ५० पट कठीण. तरी केस कापून पाते बोथट का होते? अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी २०२० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात याचे उत्तर दिले. धार नुसती झिजत नाही, तिचे बारीक टवके उडतात. केस वाकून तिरका झाला आणि पात्याच्या पोलादात नेमक्या त्या ठिकाणी घडण एकसारखी नसली, की टवका निघतो. दाढी दोन-तीन मिनिटे कोमट पाण्याने भिजवली की केस मऊ होतो आणि कापायला जोर कमी लागतो. बिनपाण्याची हजामत गालाला जशी महाग पडते तशी धारेलाही पडते.

धार टिकवायचे रोजचे साधन म्हणजे कातडी पट्टा. दाढीपूर्वी तीसेक वेळा वस्तरा त्यावर फिरवायचा, तो पाठ पुढे आणि धार मागे ठेवून. टोकाला पोचल्यावर कूस बदलायची ती पाठीवरून, धारेवरून कधीही नाही. दगडावर मात्र उलटे, धार पुढे. दगडाची गरज काही महिन्यांनी पडते आणि ते काम शिकून घ्यावे लागते. दारावर येणाऱ्या धारवाल्याच्या फिरत्या चाकावर वस्तरा देऊ नये. विळी-सुरीला ते चाक ठीक आहे, पण कोरड्या चाकाने पातळ धार तापते आणि पोलादाचे पाणी उतरते. दाढीनंतर पाते पुसून कोरडे करावे, तेलाचा हात द्यावा आणि न्हाणीघराबाहेर ठेवावे. कोकणातल्या पावसाळ्यात तर यात एका दिवसाचीही हयगय चालत नाही.

प्रकार करून बघायचे असतील, तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी. साबण तोच, ब्रश तोच, वस्तरा तेवढा वेगळा. आणि दोन्ही वस्तऱ्यांना एकाच जाणकार हाताने धार लावलेली असावी. नाही तर आपण शेफील्ड आणि सोलिंगेन यांची तुलना करत नसतो, एका बोथट आणि एका धारदार वस्तऱ्याची करत असतो. नवा वस्तराही पुष्कळदा दाढीजोगी धार घेऊन येत नाही. सुरुवात गालापासून करावी. हनुवटी आणि गळा काही दिवस नेहमीच्या रेझरवर सोपवावा. दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरावी, पाते गालाशी तीसेक अंशांत ठेवावे, केसांच्या वाढीच्या दिशेने हलकेच ओढावे. धारेच्या रेषेत आडवे कधीही सरकवू नये, कारण जखम होते ती तशीच. दाबावेसे वाटले तर थांबावे. धार उतरली आहे, हाच त्याचा अर्थ. ज्यांचा हात थरथरतो किंवा रक्त पातळ करणारी औषधे ज्यांना चालू आहेत, त्यांनी ही हौस करू नये.

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. पट्टा-दगड यांतले काहीच करायला वेळ नसेल, तर अर्ध्या पात्याचा वस्तरा घ्यावा आणि पाते दर वेळी बदलावे. पट्टा रोज फिरवू शकाल आणि दगडाचे काम करून देणारा जाणकार ओळखीचा असेल, तर पाच अष्टमांश रुंदीचा, गोल टोकाचा पोकळ वस्तरा घ्यावा. दगडापुढे बसायची आवड लागली की मग पाचर आणि कामिसोरी आहेतच. वस्तरा दुकानात एकदाच निवडायचा असतो. धार मात्र रोज सांभाळावी लागते, आणि तिचा हिशेब गालावर चुकता होतो.