वाजवणाऱ्याच्या कानाशी

गिटारच्या पोटावरचं गोल भोक साधारण दहा सेंटिमीटर रुंद असतं, आणि त्याचं तोंड श्रोत्यांकडे असतं. ज्याच्या मांडीवर वाद्य आहे त्याला त्याच वाद्याचा आवाज थोडा कोंदट ऐकू येतो. खर्जाचे सूर चहूकडे पसरतात, ते त्याच्यापर्यंत पोचतात. तारेची धार दाखवणारे वरचे सूर मात्र समोर निघून जातात. मैफिलीत हे चालतं. पण खामगाव-मेहकरात मोबाईलवर व्हिडिओ बघत गिटार शिकणाऱ्या मुलापुढे श्रोते असतात कुठे? वाजवणारा तोच, ऐकणाराही तोच.

आपल्या वाद्यांत ही अडचण फारशी नाही. शेगावच्या दिंडीतला विणेकरी वीणा खांद्याला लावून चालतो, सूर त्याच्या कानाशीच असतो. मिरजेचा तानपुरा तर गायकासाठीच घडवलेला. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी तिथे एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यं करायला घेतली, आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या तानपुऱ्याच्या तबलीला गिटारसारखं मोठं भोक नसतं; भोपळ्यावरची पातळ तबली थरथरते आणि आवाज तिच्यातूनच निघतो.

गिटारवाल्यांनी उपाय काढला तो कडेला आणखी एक भोक पाडण्याचा. वरच्या खांद्याजवळ, खर्जाच्या तारेच्या बाजूला, वाजवणाऱ्याच्या हनुवटीकडे तोंड करून, रुपयाच्या नाण्याएवढं किंवा थोडं मोठं. इंग्रजीतलं ‘साउंडपोर्ट’ हे त्याचं नाव आपल्याकडेही तसंच वापरतात. अमेरिकेत रॉबर्ट रक यांच्या क्लासिकल गिटारींवर आणि जॉन माँटेलिओनी यांच्या आर्चटॉप गिटारींवर ही भोकं दिसली. पण ही हातानं घडवलेली, लाखांच्या घरातली वाद्यं. गिब्सन कंपनीनं 2021 मध्ये ‘जनरेशन’ मालिकेतल्या चारही मॉडेलना असं भोक दिलं, तेव्हा सर्वांत स्वस्त गिटारची किंमत 999 डॉलर होती. म्हणजे त्या वेळचे पाऊण लाखाच्या आसपास रुपये. तिथे याला परवडणारी म्हणतात! आपल्याकडे पहिली गिटार घेणारा बाप पाच-दहा हजारांच्या आत बघतो.

भोकानं होतं काय? रिकाम्या घागरीच्या तोंडावर फुंकर मारली की ती एका ठरावीक सुरात घुमते. गिटारच्या पोटातली हवाही तशीच घुमते. मोठ्या आकाराच्या गिटारमध्ये हा सूर सेकंदाला शंभर कंपनांच्या आसपास असतो. कडेला भोक पाडलं की हवेला बाहेर पडायला जागा वाढते आणि हा सूर थोडा वर सरकतो. खर्जाचा रंग किंचित बदलतो, कधी जरा पातळही होतो. दहा फुटांवर बसलेल्याला फरक जेमतेम कळतो, वाजवणाऱ्याला मात्र लगेच. आवाज वाढत नाही, त्यातला थोडा वाटा वाजवणाऱ्याकडे वळतो. जाहिरातीतल्या ‘दुप्पट आवाज’ वगैरे गोष्टींकडे म्हणूनच कानाडोळा करावा.

स्वस्त गिटारमध्ये पैसा कुठे घालावा, याचं उत्तर स्पेनच्या अँतोनियो दे तोरेस यांनी 1862 च्या सुमारास दिलं होतं. त्यांनी एक गिटार अशी केली की तिच्या कडा आणि पाठ पुठ्ठ्याची, तबली तेवढी अस्सल लाकडाची. आवाज मुख्यतः तबली देते, हे त्यांना दाखवायचं होतं. ती गिटार आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. तेव्हा दोन-तीन हजार जास्त मोजायचेच असतील तर ते कडेच्या भोकासाठी मोजू नयेत, सलग लाकडाच्या तबलीसाठी मोजावेत. त्याच्याही आधी तारांची पट्टीपासूनची उंची बघावी. तारा उंच असतील तर बोटं सोलवटतात आणि मुलगा महिनाभरात गिटार कपाटावर टाकतो.

बुलढाण्याच्या माणसाला मात्र इथे एक पोटप्रश्न आहे. आपला जिल्हा घाटावर आणि घाटाखाली असा दोन हवांचा. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगावकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि हवा कोरडीठक्क. गिटारला मानवते साधारण निम्मी आर्द्रता. कोरड्या हवेत सलग लाकडाची तबली आकसते, कधी तडकते. पावसाळ्यात तीच फुगते आणि तारा वर उचलल्या जातात. त्यात उन्हाळाभर कूलर. रात्री खोली दमट, सकाळी कूलर बंद केला की दोन तासांत पुन्हा भट्टी. प्लायची गिटार, जिला जाणकार नाकं मुरडतात, हे सगळं निमूट सोसते. सलग तबलीची घेतली तर ती पेटीत ठेवावी, पेटीत ओलावा देणारी डबी टाकावी आणि कूलरच्या झोतापासून लांब ठेवावी. एवढं जमणार नसेल तर प्लायची बरी. माझं मत विचाराल तर घाटाखालच्या नवशिक्यानं बिनदिक्कत प्लाय घ्यावी.

असलेल्या गिटारला सुताराकडून भोक पाडून घ्यायचा मोह काहींना होतो. कडेचं लाकूड दोन-तीन मिलिमीटर जाडीचं आणि वाकवून ताणलेलं असतं. भोकाच्या आत पट्टी चिकटवून आधार दिला नाही तर तिथूनच चीर धरते. वॉरंटी जाते ती वेगळीच. शिवाय पुढेमागे स्टेजवर माइक लावून वाजवायची वेळ आली तर हेच भोक स्पीकरचा आवाज पोटात घेऊन शिट्टी मारू शकतं. तेव्हा ते बुजवावं लागतं.

स्वतःचा आवाज स्वच्छ ऐकायचा फुकटातला उपायही आहे. खुर्ची भिंतीकडे तोंड करून हात-दीड हातावर मांडावी आणि वाजवावं. प्लास्टर केलेली कोरी भिंत उत्तम. पडदा किंवा गाद्यांचा ढीग समोर नको, ते वरचे सूर शोषून घेतात. दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यात खर्जही दाट येतो, थोडा जास्तच. आठवडाभर असं वाजवून आवडलं, तर पुढची गिटार घेताना कडेच्या भोकाची जरूर मागावी.