स्पॉक कोणाचा?

८ मे २००९ रोजी अमेरिकेत 'स्टार ट्रेक' हा चित्रपट प्रदर्शित झाला. समीक्षकांनी त्याची मुक्तकंठाने स्तुती केली. पुढील वर्षी रंगभूषेचे ऑस्कर पारितोषिकही त्यास लाभले. असे असूनही ज्यांनी या कथेवर चाळीस वर्षे जिवापाड प्रेम केले होते, त्यांच्यातच फूट पडली. कोणी आनंदाने चित्रपटगृहात पुनःपुन्हा गेले, तर कोणी घरचे माणूस परके झाल्यासारखे खिन्न होऊन परतले. हा वाद अद्याप पुरता शमलेला नाही. नभोयानांच्या या गोष्टी आमच्या लेखणीस शोभत नाहीत असे काही ज्येष्ठ वाचकांस वाटेल. तथापि या भांडणाच्या मुळाशी जो प्रश्न आहे तो बालिश खचितच नव्हे.

ज्यांस ही कथा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जीन रॉडनबेरी यांची 'स्टार ट्रेक' ही दूरदर्शन मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत सुरू झाली. 'एंटरप्राइझ' नावाचे नभोयान, त्याचा धाडसी कप्तान कर्क, मायाळू परंतु तापट डॉक्टर मॅकॉय आणि त्या दोघांच्या मध्ये उभा असलेला स्पॉक, हा तिचा गाभा. स्पॉकची आई पृथ्वीवरील, तर पिता व्हल्कन ग्रहावरील. भावनांस आवर घालून तर्काच्या आधारे जगणे हे व्हल्कनांचे व्रत आणि स्पॉकच्या अंगात तर मानवाचेही रक्त, तेव्हा त्यास हे व्रत रोज नव्याने पाळावे लागे. लेनर्ड निमॉय या नटाने त्याचा तो मूक झगडा केवळ भुवईच्या हालचालीने दाखविला. बोटांची जोडी-जोडी विलग करून हात उंचावण्याची व्हल्कनांची अभिवादनाची रीतही निमॉय यांनीच दिली. बोस्टन येथे लहानपणी सभास्थानात ज्यू याजक आशीर्वाद देताना जी हस्तमुद्रा करीत, ती त्यांच्या मनावर ठसली होती. अहरोनाच्या वंशजांची मुद्रा परग्रहवासीयाच्या हाती अशा वाटेने गेली, ही गोष्ट आम्हांस मोठी कौतुकाची वाटते.

मालिकेस प्रेक्षक बेताचेच होते. ती बंद होणार अशी वार्ता पसरताच चाहत्यांनी पत्रांचा पाऊस पाडला आणि मार्च १९६८ मध्ये वाहिनीस पडद्यावरूनच जाहीर करावे लागले की मालिका पुढे चालू राहील. एकंदर ७९ भाग होऊन १९६९ साली ती थांबली, परंतु पुनःप्रक्षेपणांनी तिचा चाहतावर्ग वाढतच गेला. तेव्हा 'हे आमचे आहे' असे चाहते म्हणतात तेव्हा ती केवळ हौसेची भाषा नसते. ज्याचे प्राण आपण एकदा वाचविले, त्याच्यावर आपला काही अधिकार आहे असे त्यांस वाटते.

आता 'रीबूट' या शब्दाकडे येऊ. संगणक बंद करून पुन्हा सुरू करणे, हा त्याचा मूळ अर्थ. चित्रपटसृष्टीत जुनी कथा बाजूस ठेवून तीच पात्रे नव्या नटांसह पुन्हा आरंभापासून उभी करणे, यास हा शब्द लावतात. दिग्दर्शक जे. जे. एब्रम्स आणि लेखक रॉबर्टो ओर्सी व अॅलेक्स कर्ट्झमन यांनी येथे एक चतुर तोडगा काढला. नीरो नावाचा सूडाने पेटलेला रोम्युलन भविष्यातून भूतकाळात शिरतो आणि तेथून घटनांचा ओघच पालटतो. कर्कचा जन्म होत असतानाच त्याचा पिता प्राणार्पण करतो. पुढे व्हल्कन ग्रह नष्ट होतो व त्यात स्पॉकची माताही जाते. जुना इतिहास मात्र पुसला जात नाही. तो आपल्या जागी अबाधित आहे आणि तेथूनच वृद्ध स्पॉक, म्हणजे साक्षात निमॉय, या नव्या जगात येऊन तरुणांस भेटतो. वाटणीच्या वेळी वडिलोपार्जित घर न मोडता शेजारी दुसरे बांधावे, तसा हा प्रकार. आमच्या मते रीबूटच्या इतिहासात इतका विनयशील प्रारंभ दुसऱ्या कोणी क्वचितच केला असेल.

मग तक्रार कशाची? पहिली तक्रार कर्कविषयी आहे. क्रिस पाइन यांनी रंगविलेला नवा कर्क उद्दाम आहे. लहानपणी तो मोटार पळवून कड्यावरून खाली लोटतो, तरुणपणी मद्यगृहात मारामाऱ्या करतो आणि अखेरीस प्रशिक्षणार्थी असताना एकदम कप्तानपदी चढतो. जुन्या मालिकेतील कर्क विद्यार्थिदशेत पुस्तकांत बुडालेला, काहीसा गंभीर असा सांगितला आहे. 'फॅरागट' या यानावर कनिष्ठ अधिकारी म्हणून झिजून मग तो वर आला. चाहत्यांचे म्हणणे असे, की जनसामान्यांच्या स्मरणातील कर्क, म्हणजे बेधडक व रंगेल, तेवढाच या लोकांनी उचलला, पडद्यावरचा खरा कर्क पाहिलाच नाही. या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु समर्थकांचे उत्तरही तितकेच मार्मिक आहे. हा मुलगा बापाविना वाढला आहे. वृद्ध स्पॉक त्यास सांगतो की आपल्या जगात तुझा पिता जिवंत होता, तुला एंटरप्राइझचा कप्तान झालेला त्याने अभिमानाने पाहिले. त्या क्षणी पाइनच्या मुद्रेवर जे उमटते, ते पाहणाऱ्यास हे पात्र बिघडविले असे म्हणणे जड जाईल. येथे पात्राचा स्वभाव बदलण्यापूर्वी त्याचे दैव बदलले आहे. पदोन्नतीची घाई मात्र आम्हांसही खटकते. इतकी सवलत कोणतीही सेना देणार नाही.

दुसरी तक्रार स्पॉकविषयी. झॅकरी क्विंटो यांचा स्पॉक उहुरावर प्रेम करतो आणि कर्कने मातेच्या मृत्यूवरून डिवचताच त्याच्यावर तुटून पडतो. 'आमचा स्पॉक असा नव्हता' अशी ओरड झाली. पण १९६७ सालच्या एका भागात, परागांच्या अमलाखाली गेलेल्या स्पॉकला शुद्धीवर आणण्यासाठी कर्क त्यास मातापित्यांवरून असेच टोचून बोलतो आणि स्पॉक असाच खवळतो. नव्या लेखकांनी जुना प्रसंगच उचलला होता आणि ज्यांस तो आठवला नाही ते त्यांच्यावर विस्मरणाचा आरोप करीत होते!

तरीही एक तक्रार अशी आहे, जिच्यापुढे समर्थकांची बाजू आम्हांस लंगडी वाटते. ती २०१३ सालच्या 'इन्टू डार्कनेस' या पुढील चित्रपटासंबंधी आहे. तिचे मर्म कळावे म्हणून मागे जावे लागेल.

१९८२ साली निकोलस मेयर यांनी दिग्दर्शित केलेला 'द रॅथ ऑफ खान' प्रदर्शित झाला. त्यात स्पॉक मरतो. ही वार्ता आधीच फुटली होती व चाहत्यांनी निषेधाची पत्रे धाडली होती. सूज्ञ मेयर यांनी चित्रपटाच्या आरंभीच एका सरावाच्या प्रसंगात स्पॉकला खोटे मरण दिले. अफवेचा अर्थ एवढाच, असे समजून प्रेक्षक निश्चिंत झाले आणि शेवटचा आघात त्यांच्यावर बेसावधपणी झाला. यान वाचविण्यासाठी स्पॉक किरणोत्साराने भरलेल्या कोठडीत शिरतो. काचेच्या एका बाजूस तो, दुसऱ्या बाजूस कर्क. दोघांचे हात काचेवर टेकलेले, पण स्पर्श नाही. त्या क्षणामागे प्रेक्षकांनी पाहिलेली पंधरा-सोळा वर्षांची मैत्री उभी होती.

'इन्टू डार्कनेस'ने हाच प्रसंग उलटा केला. येथे कर्क कोठडीत मरतो आणि स्पॉक काचेबाहेर आक्रोश करतो. एका वर्षाची ओळख असलेल्या दोन तरुणांच्या तोंडी आयुष्यभराच्या मित्रांचा निरोप घातला गेला. बरे, ते मरणही टिकले नाही. खानच्या रक्ताने काही मिनिटांतच कर्क जिवंत होतो. यावर समर्थक म्हणतात की १९८४ च्या 'द सर्च फॉर स्पॉक' मध्ये स्पॉकही परत आलाच होता. आला होता खरा, परंतु काय मोल देऊन! त्यासाठी एक अख्खा चित्रपट खर्ची पडला, कर्कचा तरुण पुत्र डेव्हिड मारला गेला आणि एंटरप्राइझ त्याने स्वहस्ते उडवून दिले. मित्र परत मिळाला तेव्हा कर्कच्या हातून मुलगा व यान दोन्ही गेले होते. २०१३ च्या कर्कला परत आणण्यासाठी कोणी काय दिले, याचे उत्तर समर्थकांनी अद्याप दिलेले आमच्या वाचनात नाही.

खानच्या पात्राशी तर आपणा भारतीयांचा थेट संबंध आहे. १९६७ च्या मूळ भागात खान नूनियन सिंग हा उत्तर भारतातील, बहुधा शीख, असा सांगितला आहे. विज्ञानाने घडविलेला महामानव, एके काळी जगाच्या चतुर्थांशाहून अधिक भागाचा सत्ताधीश. ती भूमिका मूळचे मेक्सिकोचे रिकार्डो मोंताल्बान यांनी कातडी काळवंडवून केली. हाही काही आदर्श प्रकार नव्हे. पण २०१३ साली गौरवर्णी इंग्रज नट बेनेडिक्ट कंबरबॅच खान झाले, तेव्हा त्याच्यातील हिंदुस्थान पार नाहीसा झाला. पुढे एका चित्रकथेत शस्त्रक्रियेने त्याचे रूप पालटल्याचा खुलासा करावा लागला. १९७९ च्या पहिल्या 'स्टार ट्रेक' चित्रपटात मुंबईच्या पर्सिस खंबाटा यांनी मुंडन करून ईलियाची भूमिका केली होती, हे आठवले की हे दुःख अधिकच बोचते.

त्यातून हा खान आहे हे निर्मात्यांनी प्रदर्शनापूर्वी लपविले, विचारले असता नाकारलेही. आणि गंमत अशी की या नव्या कथेतील कर्कने खानचे नाव कधी ऐकलेलेच नाही. तो आपली ओळख उघड करतो तेव्हा दचकतात ते प्रेक्षक, कर्क नव्हे. अर्थात ते रहस्य कथेचे नव्हतेच, जाहिरातीचे होते. प्रारंभीच खरे सांगितले असते तर बरे झाले असते, असे एब्रम्स यांनी नंतर मान्य केले, हे त्यांस भूषणावह आहे. ऑगस्ट २०१३ मध्ये लास वेगास येथील चाहत्यांच्या मेळाव्यात सर्व 'स्टार ट्रेक' चित्रपटांची क्रमवारी लावण्यात आली, तेव्हा 'इन्टू डार्कनेस' तळाशी गेला. एका लेखकाचा तोल सुटून त्यांनी चाहत्यांस कटू शब्दांनी उत्तर दिले व मागाहून क्षमा मागितली. तोल दोन्हीकडे सुटला होता. आवडत्या पात्रासाठी भांडताना जिवंत माणसास शिव्या देणारे चाहते स्पॉकपासून नेमके काय शिकले, असे विचारावेसे वाटते.

हक्काचा प्रश्न किती अवघड आहे हे २०१६ साली 'बियॉन्ड' या तिसऱ्या चित्रपटाच्या वेळी दिसले. मूळ सुलू रंगविणारे जॉर्ज ताकेई स्वतः समलिंगी. त्यांच्या सन्मानार्थ नव्या सुलूस पुरुष जोडीदार दाखविण्यात आला, तर खुद्द ताकेई यांनीच नापसंती व्यक्त केली. रॉडनबेरी यांच्या मनातील सुलू तसा नव्हता, तुम्हांस हवे तर नवे पात्र निर्मा, असे त्यांचे म्हणणे. सहलेखक सायमन पेग यांनी आदर राखून मतभेद नोंदविला. कर्ता १९९१ मध्येच निवर्तला होता. नट एक सांगतो, लेखक दुसरे, चाहते तिसरे. निवाडा कोणी द्यावा? स्वतः निमॉय यांनी १९७५ साली 'आय अॅम नॉट स्पॉक' या नावाचे आत्मकथन लिहिले आणि १९९५ साली 'आय अॅम स्पॉक' या नावाचे दुसरे. ज्याने ते पात्र जगविले त्यासही उत्तर पालटावे लागले.

२७ फेब्रुवारी २०१५ रोजी निमॉय वारले. 'बियॉन्ड' मध्ये तरुण स्पॉकला वृद्ध स्पॉकच्या निधनाची वार्ता कळते आणि त्याच्या वस्तूंची एक पेटी त्याच्या हाती येते. तो ती उघडतो. आत एक छायाचित्र आहे. शॅटनर, निमॉय, मॅकॉयचे काम करणारे केली आणि इतर जुने सोबती, सारे केस पिकलेले, वय झालेले, एकत्र उभे. क्विंटो ते छायाचित्र हाती घेऊन बराच वेळ पाहत राहतात. त्या दृश्यात एक शब्दही नाही, आणि तीन चित्रपटांवर रुष्ट असलेल्या चाहत्यांपैकीही त्या दृश्याविरुद्ध तक्रार केलेला एकही आम्हांस अद्याप भेटलेला नाही.