विश्लेषण : पाकिटाला हातकागदाचे अस्तर कशासाठी? बांबूच्या जिल्ह्यांत चिंध्यांचा कागद सोपा का?

आहेराचे पातळ पांढरे पाकीट उजेडासमोर धरले की आतली नोट किती रुपयांची, हे बाहेरूनच कळते. बँकेच्या पाकिटांना आतून निळी नक्षी छापलेली असते, ती याच कारणासाठी. हातकागदाचे अस्तर तेच काम करते, शिवाय पाकीट उघडताना छान दिसते.

अस्तर म्हणजे नेमके काय?

पाकिटाच्या मागच्या बाजूला आतून बसणारा आणि झाकणाच्या टोकापर्यंत जाणारा एकच कागद. झाकणाची डिंकाची पट्टी मात्र मोकळी सोडायची, नाहीतर पाकीट बंदच होत नाही.

हातकागदच का?

यंत्रावरच्या कागदात तंतू बहुतांशी एकाच दिशेने लागतात. त्यांना आडवी घडी पडली की ती तडकते. हातकागदाचा साचा पाण्यात दोन्ही बाजूंनी हलवला जातो, त्यामुळे तंतू आडवेतिडवे बसतात आणि घडी कुठूनही चालते. जाडीमुळे आतले दिसत नाही, हे वेगळेच.

बांबू भरपूर, मग त्याचाच कागद का नाही?

चंद्रपूर-गडचिरोलीत कागद म्हटले की बल्लारपूरची गिरणी आणि जंगलातला बांबू आठवतो. पण बांबूत तंतूंना बांधून ठेवणारे लिग्निन भरपूर असते. ते काढायला गिरणीत बांबूचे तुकडे कॉस्टिकसारख्या रसायनांत, दाबाखाली शिजवावे लागतात. हे अंगणात जमणारे काम नाही.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तरी बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती यायला एप्रिल २०११ उजाडला. कच्चा बांबू स्वतः विकण्यासाठीच एवढी वाट पाहावी लागली. त्याचा कागद करणे ही पुढची पायरी, आणि ती रसायनांपाशी अडते.

कापसाचे तसे नाही. त्यात ९० टक्क्यांहून अधिक सेल्युलोज असते, शिजवण्याची गरज जवळपास नसते. वरोरा, राजुरा, कोरपना या पट्ट्यात कापूस पिकतो आणि शिंप्याकडे सुती कातरण पडून असते. पुण्यात १९४०पासून असलेली हातकागद संस्थाही सुती चिंध्यांवरच काम करत आली. टेरिकॉटचे तुकडे मात्र नकोत. पॉलिस्टरचे तंतू पाण्यात फुगत नाहीत आणि एकमेकांना धरत नाहीत.

घरी करता येतो का?

चिंध्या कुटायला यंत्र लागते. घरच्या मिक्सरमध्ये त्या पात्यात अडकतात आणि मोटर जळू शकते. त्यापेक्षा जुन्या वहीची पाने रात्रभर भिजवून वाटावीत, लगदा पाण्यात सोडून जाळीच्या चौकटीवर उचलावा आणि कापडावर वाळवावा.

टपालात महाग पडते का?

२२ बाय १७ सेंटीमीटरचे, १२० जीएसएमचे अस्तर साधारण साडेचार ग्रॅम भरते. साध्या पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा असतो. पाकीट आणि एक-दोन पाने त्यात सहज बसतात, जाड पत्रिका घातली तर वजन करून घ्यावे.

चिकटवताना काय चुकते?

पूर्ण अस्तराला खळ लावली की हातकागद पाणी पितो आणि पाकीट वाकडे होते. पावसाळ्यात खळीला बुरशी येते, ती वेगळी. ग्लू स्टिक फक्त झाकणाच्या भागाला लावावी आणि ती ओली असतानाच झाकण एकदा दुमडून घ्यावे. सपाट ठेवून वाळवलेले अस्तर पहिल्याच घडीला चुरगळते.