वैद्यकीय विद्यार्थ्यांचा मनोरुग्णांविषयीचा दृष्टिकोन : स्वरूप, कारणे व उपाय

बीजसंज्ञा : मनोविकार, कलंकभावना, पूर्वग्रह, वैद्यकीय शिक्षण

प्रस्तावना :
राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१५-१६) भारतातील सुमारे १०.६ टक्के प्रौढ व्यक्तींना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता आणि त्यांपैकी बहुसंख्य उपचारांपासून वंचित होत्या. तज्ज्ञांची संख्या अपुरी असल्याने असा रुग्ण प्रथम सामान्य डॉक्टरकडेच जातो. म्हणून भावी डॉक्टरांच्या दृष्टिकोनाचा विचार महत्त्वाचा ठरतो.

दृष्टिकोनाचे स्वरूप :
ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ ग्रॅहॅम थॉर्निक्रॉफ्ट यांनी कलंकभावनेचे अज्ञान, पूर्वग्रह व भेदभाव असे तीन घटक सांगितले आहेत. वैद्यकीय शिक्षणाने यांतील अज्ञान कमी होते. पूर्वग्रह मात्र आपोआप जात नाही. छिन्नमनस्कतेची लक्षणे अचूक सांगणारा विद्यार्थीही त्या रुग्णाशेजारी बसण्यास कचरू शकतो.

कारणे :
विद्यार्थी समाजातूनच येतो. मनोरुग्ण हिंसक असतो, तो कधीच बरा होत नाही, हे समज तो घरातून, चित्रपटांतून घेऊन येतो. रुग्णालयाच्या कक्षात त्याला प्रामुख्याने तीव्र अवस्थेतील रुग्ण दिसतात. बरे होऊन नोकरी-संसार सांभाळणारे त्याच्या दृष्टीस पडत नाहीत. परिणामी जुना समज अनुभवसिद्ध वाटू लागतो. वरिष्ठांच्या तोंडचे 'सायको', 'मेंटल' असे शब्दही अभ्यासक्रमाबाहेरचे शिक्षण देत असतात.

परिणाम :
मनोविकाराची नोंद असलेल्या व्यक्तीने छातीत दुखत असल्याचे सांगितले, तर ते 'मनाचे खेळ' समजून तपासणी टाळली जाण्याचा धोका असतो. जागतिक आरोग्य संघटनेनुसार तीव्र मनोविकार असलेल्या व्यक्तींचे आयुर्मान १० ते २० वर्षांनी कमी असते आणि त्यातील बरेच मृत्यू टाळता येण्याजोग्या शारीरिक आजारांमुळे होतात. शिवाय कलंकाच्या भीतीने स्वतः विद्यार्थीही आपले नैराश्य लपवितो.

उपाय :
गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या संपर्क-सिद्धांतानुसार केवळ सहवासाने पूर्वग्रह कमी होत नाही. त्यासाठी समान दर्जा व समान उद्दिष्ट आवश्यक असते. खाटेवरील रुग्ण व टिपणे घेणारा विद्यार्थी यांच्यात तो दर्जा नसतो. म्हणून बऱ्या झालेल्या व्यक्तींना वर्गात अनुभवकथनासाठी बोलावणे व पुनर्वसन केंद्रांत विद्यार्थ्यांना काम देणे उपयुक्त ठरेल. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याने मनोरुग्णास साखळदंडाने बांधण्यास मनाई केली असून शारीरिक आजाराच्या रुग्णांशी समान वागणुकीचा हक्क दिला आहे. हा कायदा परीक्षेपुरता न शिकविता प्रत्यक्ष रुग्णांच्या संदर्भात शिकविला जावा.

समारोप :
सारांश, ज्ञानदान आवश्यक असले तरी पुरेसे नाही. दृष्टिकोन हा शिक्षकांच्या वर्तनातून व रुग्णाच्या सन्मानपूर्वक सहवासातून घडतो. छातीत दुखते असे सांगणाऱ्या मनोरुग्णाचा हृदयालेख वेळेवर काढला जाणे, ही त्या शिक्षणाची खरी कसोटी होय.