न लिहिलेला राजीनामा

राजीनामा देण्याची रीत सर्वांस ठाऊक आहे. कागद घ्यावयाचा, कारण लिहावयाचे, खाली सही करावयाची आणि तो वरिष्ठांच्या हाती द्यावयाचा. परंतु अलीकडे एका निराळ्याच राजीनाम्याची चर्चा जगभर चालू आहे. त्यास कागद लागत नाही. मनुष्य नोकरीवर राहतो, वेळेवर येतो, हजेरीपटावर सही करतो, नेमून दिलेले तेवढे करतो. मात्र त्याचे मन कामातून केव्हाच निघून गेलेले असते. इंग्रजीत ह्यास ‘क्वाएट क्विटिंग’ असे नाव असून, २०२२ साली समाजमाध्यमांवरील एका छोट्या चित्रफितीमुळे ते सर्वतोमुखी झाले. आम्ही त्यास ‘मूक माघार’ म्हणू.

आपल्या भाषेत ‘पाट्या टाकणे’ असा झणझणीत वाक्प्रचार असताना नव्या शब्दाचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन आहे. पाट्या टाकणाऱ्याने कामात जीव कधी ओतलेलाच नसतो. मूक माघार घेणारा बहुधा तो असतो, ज्याने एके काळी तो ओतला होता. आळशी मनुष्य थकत नाही. थकतो तो राबणारा.

कचेरीतील कारकुनाने अशी माघार घेतली तर एखादा अर्ज चार दिवस पडून राहील. रुग्णालयात तिचा अर्थ फार वेगळा होतो. उल्हासनगरच्या कॅम्प क्रमांक ३ मधील शासकीय मध्यवर्ती रुग्णालय ज्याने पाहिले नाही, असे घर आपल्या विठ्ठलवाडीच्या परिसरात विरळाच. अंबरनाथ, बदलापूर आणि मुरबाडकडील खेड्यांतूनही लोक तेथे येतात. रातपाळी करून सकाळी गर्दीच्या उलट दिशेने परतणाऱ्या परिचारिका आपल्या स्थानकावर नित्य दिसतात. आमच्या वर्गांतील कित्येक मुलांच्या माता त्यांतीलच आहेत.

परिचारिकेचे काम दोन प्रकारचे असते, हे बाहेरच्यास सहसा उमगत नाही. एक, कागदावर नोंदले जाणारे: ताप पाहणे, इंजेक्शन देणे, सलाइन लावणे, औषधाची वेळ लिहिणे. दुसरे, ज्यासाठी कोणत्याही तक्त्यात रकाना नाही. म्हाताऱ्याची उशी सारखी करणे. उद्याच्या शस्त्रक्रियेच्या भीतीने जागणाऱ्या बाईपाशी दोन मिनिटे उभे राहणे. रुग्णाचा चेहरा कालच्यापेक्षा निराळा दिसतो हे ध्यानी येऊन, यंत्राने काही दाखविण्यापूर्वीच डॉक्टरांस बोलावणे. मन निघून गेले म्हणजे पहिल्या प्रकारचे काम चालूच राहते. गळते ते दुसरे. तक्ता पूर्ण भरलेला असतो, आणि तरीही रुग्णाच्या वाट्यास काहीतरी कमी आलेले असते. चौकशीत हे कधी सापडत नाही, कारण न केलेल्या चौकशीची नोंद कोण ठेवणार?

हे मन निघून का जाते? १९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर ह्या मानसतज्ज्ञाने अमेरिकेतील एका मोफत दवाखान्यात सेवाभावाने राबणाऱ्यांची अवस्था पाहून तिचे वर्णन ‘बर्नआउट’, म्हणजे जळून जाणे, ह्या शब्दाने केले. पुढे क्रिस्टिना मॅस्लॅक ह्या विदुषीने तिची तीन लक्षणे सांगितली. मन रिते होणे हे पहिले. दुसरे, समोरच्या माणसाविषयी कोरडेपणा येणे. मग ‘काशीबाई’ ही ‘सात नंबरची खाट’ होते. आणि तिसरे, आपल्या हातून काहीच घडत नाही असे वाटू लागणे. ह्यांतील दुसऱ्या लक्षणास लोक उद्धटपणा म्हणतात. आमच्या मते ते पुष्कळदा चिलखत असते. दररोज मृत्यू पाहणाऱ्याने प्रत्येक मृत्यू मनास लावून घेतला तर तो महिनाभरही टिकणार नाही. पण चिलखत एकदा अंगाला चिकटले की घरी मुलांपुढेही ते उतरत नाही, ही त्यातील खरी हानी.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली ह्या अवस्थेस रोग न म्हणता, नोकरीतील दीर्घकाळ न आवरलेल्या ताणातून उद्भवणारी स्थिती म्हटले. हा भेद महत्त्वाचा आहे. रोग व्यक्तीस होतो. येथे बोट कामाच्या व्यवस्थेकडे दाखविलेले आहे. ग्रीस देशातील संशोधकांनी २०२३ साली केलेल्या एका पाहणीत शंभर परिचारिकांमागे सुमारे ६७ जणी मूक माघारीच्या अवस्थेत आढळल्या. डॉक्टरांचे प्रमाण ५४ च्या आसपास होते.

आमच्या विद्यार्थ्यांनी एक साधा हिशेब करून पाहावा. समजा, एका कक्षात ४० रुग्ण आहेत आणि रात्री दोघीच परिचारिका आहेत. प्रत्येकीच्या वाट्यास २० रुग्ण आले. एका रुग्णास दहा मिनिटे दिली तरी एक फेरी पुरी होण्यास ३ तास २० मिनिटे लागतात. अंथरुणास खिळलेल्या रुग्णास पाठीवर व्रण पडू नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते. हिशेब जुळत नाही, आणि तो कोणाच्याही सद्गुणाने जुळणार नाही. जे जमणेच शक्य नाही त्याचा दोष रोज स्वतःकडे घेण्यापेक्षा मनुष्य एक दिवस त्याची आशाच सोडतो.

आपल्याच जिल्ह्यात, कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात, ऑगस्ट २०२३ मध्ये चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले. ठाण्याचे जिल्हा रुग्णालय पुनर्बांधणीसाठी हलविलेले असल्याने कळव्यावरील भार वाढलेला होता. चौकशी समिती नेमली गेली. मृतांची संख्या सर्व वृत्तपत्रांत आली. त्या रात्रीच्या पाळीवर असलेल्यांनी पुढच्या रात्री पुन्हा त्याच कक्षात कसे पाऊल टाकले असेल, हे मात्र कोठे छापून येत नाही.

मे २०२२ च्या अखेरीस राज्यातील शासकीय परिचारिकांनी संप केला. बाह्य संस्थेमार्फत कंत्राटी भरती करण्यास त्यांचा विरोध होता. संपामुळे रुग्णांचे हाल झाले, हे खरेच. परंतु संप आणि मूक माघार ह्या परस्परविरुद्ध गोष्टी आहेत, असे आम्हास वाटते. संप करणाऱ्यास अजून काही सुधारेल अशी आशा असते.

ह्याचे सर्वांत मोठे उदाहरण मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथील परिचारिका अरुणा शानबाग हिच्यावर रुग्णालयातच क्रूर हल्ला झाला, आणि ती जन्माची परावलंबी झाली. तेव्हा परिचारिकांनी आपल्या सुरक्षिततेसाठी संप केला. पुढे तिला तेथून हलविण्याचे घाटले, तेव्हाही त्यांनी निकराने विरोध केला. १८ मे २०१५ रोजी तिचे निधन होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ ४२ वर्षे, त्यांनी तिची शुश्रूषा केली. एवढ्या वर्षांत तिच्या पाठीवर व्रण पडला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात ह्या परिचारिकांची मुक्तकंठाने प्रशंसा केली. ह्यांतील पुष्कळ जणींनी तिला धडधाकट असताना पाहिलेही नव्हते. तथापि, ही कथा सांगून आजच्या थकलेल्या परिचारिकेस लाजविणे आम्हास अन्यायाचे वाटते. तेथे एक रुग्ण होती आणि तिच्यामागे परिचारिकांच्या कित्येक पिढ्या होत्या. आणि तिला ठेवून घेण्याचा निश्चय त्यांनी स्वतः केलेला होता, कोणी तो वरून लादलेला नव्हता.

पाळी संपताच घरी जाणे, सुटीच्या दिवशी फोन न उचलणे, ह्यासही काही वरिष्ठ माघार म्हणतात. आम्ही म्हणत नाही. ती विश्रांती आहे, आणि ती ज्यास मिळते त्याचेच मन दुसऱ्या दिवशी कामावर हजर असते.

पालकांच्या माहितीसाठी एक गोष्ट. महाराष्ट्रात २०१० पासून असलेल्या कायद्यान्वये रुग्णालयातील सेवकांवर हात उगारणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. केलेल्या नुकसानाची दुप्पट भरपाईही द्यावी लागते. परिचारिकाही त्याच्या संरक्षणात येतात. मुलाखतीच्या वेळी एका खाटेभोवती सात-आठ माणसे जमतात आणि एकच प्रश्न प्रत्येक जण सिस्टरांस वेगळा विचारतो, हे दृश्य कोणत्याही रुग्णालयात दिसते. घरातील एकानेच विचारावे व इतरांस सांगावे, एवढे ठरविले तरी त्यांची कितीतरी मिनिटे वाचतील, आणि ती त्याच कक्षातील शेजारच्या खाटेस मिळतील.